तीन तक्रारी, एक गिटार: पिकअप बदलण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका हौशी वादकाचं आहे. नावाची गरज नाही, त्याला इथे वादकच म्हणतो. चार जणांचा बँड, आठवड्यातून एक तालीम, अधूनमधून एखादा कार्यक्रम. हातात दहा वर्षं वापरलेली तीन सिंगल कॉइल पिकअपची गिटार. (पिकअप म्हणजे तारांखालचा, तारेची हालचाल विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग: चुंबक आणि भोवती वायरच्या वेढ्यांची कॉइल. सिंगल कॉइल म्हणजे अशी एकच कॉइल.) ढब 1954 साली फेंडरने बाजारात आणलेल्या स्ट्रॅटोकास्टरची, पण बांधणी स्वस्तातली. पुढे सहा मीटरची केबल, एक ओव्हरड्राइव्ह पेडल (आवाज मुद्दाम फाटका, खरखरीत करणारं; पुढे नुसतं ड्राइव्ह) आणि 15 वॉटचा ट्यूब अँप.

गिटारची वायरिंग हा माझा धंदा नाही, पण मित्रांच्या गिटारी उघडून उघडून हात बसला आहे. म्हणून तो माझ्याकडे आला, आणि आल्या आल्या विचारलं, "पिकअप बदलायचेत, कुठले घेऊ?" का बदलायचे, ते त्याच्या डोक्यात आधीच पक्कं झालं होतं. मी तरीही विचारलं. उत्तर आलं, "टोन चांगला नाहीये." तीन आठवड्यांवर कार्यक्रम होता.

तक्रार नेमकी काय

"टोन चांगला नाही" यावर काहीच करता येत नाही. म्हणून त्याला तासभर वाजवायला लावलं आणि जिथे जिथे तोंड वाकडं होईल तिथे थांबून का ते सांगायला सांगितलं. तासाभरात एका वाक्याच्या तीन तक्रारी झाल्या.

पहिली: ब्रिज पिकअपवर (तारा जिथे संपतात तिथला; मानेकडचा तो नेक, आणि उरलेला मधला) वरच्या दोन तारा कानात टोचतात. दुसरी: ड्राइव्ह लावला की आवाज पातळ होतो, बाकीच्या वाद्यांत हरवतो. तिसरी: हात थांबला की अँपमधून सतत घरघर येते.

तिन्ही गोष्टींचं खापर त्याने पिकअपवर फोडलं होतं. त्यातली एकच खऱ्या अर्थाने पिकअपची निघाली, पण ते कळायला आम्हाला दोन आठवडे लागले.

गिटार उघडण्याआधी

सर्वात आधी रेकॉर्डिंग. तोच तुकडा, त्याच अँप सेटिंगवर, पिकअप निवडणाऱ्या स्विचच्या पाचही जागांवर, एकदा स्वच्छ आणि एकदा ड्राइव्ह लावून. वादकाला हा वेळेचा अपव्यय वाटला. पण कानाची आठवण फार कच्ची असते. दोन दिवसांपूर्वी गिटार कशी वाजत होती हे कुणालाच खरं आठवत नाही, पैसे खर्च केल्यावर तर नाहीच नाही.

मग घरघर. तो म्हणत होता तो आवाज मुळात एक नव्हता. तारांना हात लावला की त्यातली चिरकी, चरचरणारी बाजू कमी होत होती आणि खालचा जाड "घूं" तसाच राहत होता. याचा अर्थ सरळ आहे. चरचर विद्युत क्षेत्रातून येते आणि ती शील्डिंगने, म्हणजे आतून धातूचं अस्तर लावून, आवरते. "घूं" हा घरातल्या विजेच्या 50 किंवा 60 हर्ट्झचा, ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून सरळ कॉइलमध्ये शिरणारा. त्याला तांब्याची पट्टी अडवत नाही. गिटार हातात धरून जागेवरच गोल फिरलं तर एका दिशेला तो जवळजवळ नाहीसा होतो. वादकाला तसं फिरवलं. तो चौथाई फेरीत थांबला आणि म्हणाला, "अरे, इथे तर गायब झाला!" स्टेजवर त्याच दिशेला तोंड करून उभं राहता येणार नाही, हे त्याचं त्यालाच पुढच्या सेकंदाला सुचलं.

केबल जॅकमध्ये लावून दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर धरला. व्हॉल्यूम पूर्ण उघडा ठेवून तिन्ही पिकअप 6 किलोओमच्या आसपास दिसले. (हे वाचन पिकअपच्या खऱ्या आकड्यापेक्षा किंचित कमी येतं, कारण व्हॉल्यूमचा पॉट, म्हणजे बटणाखालचा कमी-जास्त करता येणारा रोध, समांतर जोडलेला असतो.) म्हणजे एकही कॉइल तुटलेली नव्हती. केसाएवढ्या वायरचे आठेक हजार वेढे असतात, त्यात एक जागा तुटली तरी आकडा वेडावाकडा येतो.

मग पिकगार्डचे, म्हणजे ज्या पाटीवर पिकअप आणि बटणं बसवलेली असतात तिचे, 11 स्क्रू काढले. पिकगार्ड उलटं करताना घाई करू नये. दोन वायर जॅककडे आणि एक मागे स्प्रिंगच्या पट्टीकडे गेलेली असते, जोरात ओढलं तर पहिली तीच तुटते. मोबाइलवर तीन बाजूंनी फोटो काढले आणि मग आत नीट पाहिलं.

व्हॉल्यूमच्या पॉटच्या पाठीवर 500 के, म्हणजे 500 किलोओम, छापलेलं होतं. दोन्ही टोनचे पॉट 250 के.

वादकाला आठवलं, चार वर्षांपूर्वी व्हॉल्यूम फिरवताना खरखर यायची म्हणून तो पॉट कुणाकडून तरी बदलून घेतला होता. सिंगल कॉइलबरोबर रिवाजाने 250 के वापरतात, हंबकरबरोबर (दोन कॉइलचा, घरघर मारणारा पिकअप) 500 के. पॉटची किंमत जितकी जास्त, तितकी पिकअपवरची ओढ कमी आणि तितका वरच्या स्वरांचा उंचवटा टोकदार. त्यातच या ढबीच्या जुन्या वायरिंगमध्ये ब्रिज पिकअपला टोनचं बटणच नसतं, एक टोन नेकला आणि एक मधल्याला. म्हणजे जो पिकअप सगळ्यात चिरका, त्यालाच लगाम नाही, आणि वर 500 के. टोचणार नाही तर काय होईल?

गंमत म्हणजे "चार वर्षांपूर्वी कशी वाजायची?" असं विचारल्यावर तो म्हणाला, "तेव्हा बरी वाजायची. मग पिकअप म्हातारे झाले." पिकअप असे चार वर्षांत म्हातारे होत नाहीत.

पर्याय

कागदावर चार पर्याय मांडले.

पहिला, पिकअपला हात न लावता पॉट, टोनची वायर आणि शील्डिंग एवढंच करायचं. दुसरा, वादकाच्या मनातला: तिन्ही जागी "हॉट" म्हणून विकले जाणारे, सिरॅमिक चुंबकाचे, जास्त वेढ्यांचे पिकअप. तिसरा, ब्रिजला सिंगल कॉइलच्याच आकारात बसणारा, दोन पात्यांचा रेल हंबकर आणि उरलेल्या दोन जागी जुन्या धाटणीचे अल्निको 5 या मिश्रधातूच्या चुंबकाचे पिकअप. चौथा, एकावर एक कॉइल रचलेले, घरघर न करणारे पिकअप तिन्ही जागी.

दुसऱ्या पर्यायाला माझा विरोध होता. वेढे वाढवले की आवाज मोठा होतो, पण वरचे स्वर बोथट होतात, आणि स्वच्छ आवाजात या गिटारची जी चमक आहे तीच जाते. त्याच्या बँडची निम्मी गाणी स्वच्छ आवाजातली. शिवाय तो आकड्यांवर भाळला होता: "हा बघ, 13 किलोओम! माझा सहाच आहे." रोध म्हणजे ताकद नव्हे. अरुंद जागेत दोन कॉइल कोंबायच्या तर वायर अजून बारीक घ्यावी लागते, आणि बारीक वायरचा रोध वेढे तेवढेच असले तरी जास्त भरतो. एकाच जातीचे, एकाच वायरचे दोन पिकअप असतील तरच तो आकडा शेजारी शेजारी ठेवून काही सांगतो.

चौथा पर्याय सगळ्यात शांत होता. तो वादकाने नाकारला, त्याच्या कानाला तसे पिकअप "झाकलेले" वाटतात म्हणून. यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. वाजवणार तो, मी नाही.

पहिला निर्णय: एक पायरी, मग तालीम

मी म्हटलं, पहिला पर्याय आधी करू, एक तालीम होऊ दे, मग पिकअपचं बोलू. तो नाइलाजाने तयार झाला.

व्हॉल्यूमचा पॉट 250 के बसवला. स्विचवर ब्रिजच्या टोकापासून मधल्या पिकअपच्या टोनकडे एक छोटी वायर ओढली, जेमतेम दोन सेंटिमीटरची. आता खालचं टोन बटण मधल्यालाही आणि ब्रिजलाही लागू झालं. आतल्या पोकळीत तांब्याची चिकट पट्टी लावली, प्रत्येक तुकडा शेजारच्याशी वीज जोडतो की नाही हे मीटरने पाहिलं आणि ती ग्राउंडला, म्हणजे सर्किटच्या शून्य दाबाच्या बाजूला, जोडली.

इथे माझं एक काम फसलं. पॉटच्या पाठीवर ग्राउंडच्या वायर सोल्डर करायला मी घरचं 25 वॉटचं सोल्डरिंग आयर्न घेतलं. पॉटची पाठ म्हणजे पत्र्याची ताटली, ती सगळी उष्णता पिऊन टाकते. सोल्डर वितळलं, पण पसरलं नाही. पाण्याचा थेंब तेलकट ताटलीवर बसावा तसं गोळा होऊन बसलं, राखाडी आणि निस्तेज. तालमीत दुसऱ्याच गाण्यात गिटार तडतडायला लागली. नंतर जास्त वॉटचं, रुंद टोकाचं आयर्न आणून, पाठ थोडी खरवडून, आधी तिच्यावरच सोल्डरचा पातळ थर देऊन वायर बसवली, तेव्हा जोड चकाकला.

तडतड सोडली तर तालीम चांगली झाली. टोचणं जवळजवळ संपलं, चरचर कमी झाली. "घूं" मात्र तसाच होता आणि ड्राइव्हमधला पातळपणाही. म्हणजे तीनपैकी एक तक्रार पॉट आणि एका छोट्या वायरने मिटली, एक निम्मी मिटली, आणि एक, ड्राइव्हमधल्या पातळपणाची, खरोखर पिकअपकडे बोट दाखवत होती. ब्रिजजवळ तारेची हालचाल लहान असते, त्यामुळे तिथल्या सिंगल कॉइलचा आवाज मुळात कमी आणि खालच्या स्वरांत दुबळा. त्यावर पॉट बदलून काही होत नाही.

दुसरा निर्णय: कार्यक्रमाआधी की नंतर?

तिसरा पर्याय ठरला, यावर दोघांचंही एकमत होतं. प्रश्न वेळेचा होता. पिकअप हातात आले तेव्हा कार्यक्रमाला पाच दिवस होते. मी म्हटलं, नंतर करू. तो म्हणाला, "डबा उघडलाय, आता कसला थांबतोस." मी ऐकलं. हा माझा निर्णय होता आणि तो चुकीचा होता.

घाईत मी एक तपासणी वगळली. ब्रिजचा रेल हंबकर एका कंपनीचा, मधला आणि नेकचा दुसऱ्या कंपनीचे. चार वायरच्या हंबकरला कुठल्या रंगाची वायर गरम (सिग्नल नेणारी) आणि कुठली ग्राउंड, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. सेमूर डंकनकडे काळी गरम, हिरवी ग्राउंड. डिमार्झिओकडे लाल गरम, हिरवी ग्राउंड. मी पाकिटावरचा कागद पाहून बरोबर जोडलं. पण दोन कंपन्यांचे पिकअप एकत्र वाजताना एकमेकांच्या बाजूने वाजतात की उलट, हे त्या कागदावर नसतं.

रात्री साडेदहाला तारा चढवल्या. ब्रिज एकटा: भरदार. नेक एकटा: सुरेख. ब्रिज आणि मधला एकत्र: आवाज निम्मा, पोकळ, नाकातून बोलल्यासारखा. वादकाचा चेहरा पडला. त्याला वाटलं नवा पिकअप खराब निघाला.

दोन्ही पिकअप एकमेकांच्या उलट फेजमध्ये होते. तार हलली की एकाचा विजेचा दाब वर जातो तेव्हा दुसऱ्याचा खाली, आणि खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. टेबलावर हे तपासायला दोन मिनिटं लागतात: मीटर 20 किलोओमवर ठेवून पिकअपला जोडायचा, लोखंडी स्क्रूड्रायव्हर चुंबकाला चटकन टेकवायचा, आकडा क्षणभर वर उडी मारतो की खाली ते बघायचं. सगळ्यांचे आकडे एकाच बाजूला उडाले की काम झालं. हे मला माहीत होतं. मी केलं नाही.

दुसऱ्या रात्री तारा पुन्हा सैल करून रेलच्या दोन वायर उलटवल्या. वेगळी, उघडी शील्डची वायर मात्र ग्राउंडवरच ठेवायची असते. तीही सोबत उलटवली तर पिकअपचं कवच गरम बाजूला जातं आणि हात लागला की चरचरतं.

उंचीची भानगड

फेज सुटल्यावर नेक पिकअपवर जाड तार वाजवली आणि वादक थबकला. बाराव्या पडद्याच्या वर ती तार दोन सुरांत वाजत होती, डचमळत. ट्यूनर कधी वर दाखवी, कधी खाली. त्याने तीन वेळा तार पिळली आणि मग माझ्याकडे पाहिलं.

कारण त्याच्याच जुन्या सवयीत होतं. जुन्या पिकअपचे खांब साधे लोखंडी आणि खाली चिकटवलेली एक सिरॅमिक पट्टी, अशी रचना होती. आवाज वाढावा म्हणून त्याने स्क्रू फिरवून फिरवून ते तारांच्या अगदी जवळ आणले होते, आणि त्या पिकअपबरोबर ते खपून गेलं. नव्यात प्रत्येक खांब स्वतःच अल्निको 5 चं चुंबक आहे. त्याची ओढ तारेवर कितीतरी जास्त. मी नवे पिकअप जुन्याच उंचीवर बसवले आणि चुंबकाने तार धरून ठेवली. एका दिशेला ती एका गतीने हलते, दुसऱ्या दिशेला दुसऱ्या, म्हणून दोन सूर.

शेवटच्या पडद्यावर तार दाबून, तिच्या तळापासून खांबाच्या माथ्यापर्यंत फूटपट्टीने मोजलं: जाड तारेखाली एक मिलिमीटरही नव्हता. फेंडरची साध्या सिंगल कॉइलसाठीची शिफारस जाड तारेखाली सुमारे 2 मिलिमीटर आणि बारीक तारेखाली 1.6 अशी आहे. तिथे नेल्यावर डचमळ गेली, आणि तार जास्त वेळ वाजत राहू लागली. आवाज थोडा उतरला, तो अँपवर वाढवला. नेक अजून अर्धा मिलिमीटर खाली घेतला, कारण तिथे तारेचा झोका मोठा असतो आणि तो ब्रिजला दडपून टाकत होता.

एक गोष्ट कार्यक्रमानंतर लक्षात आली. ब्रिजचा रेल जरा बोथट वाटत होता. पहिल्या टप्प्यात चिरकेपणा आवरायला मी जी दोन सेंटिमीटरची वायर टाकली होती, तीच आता आड येत होती. टोनचा पॉट पूर्ण उघडा असला तरी पिकअपवर ओढ टाकतोच. 250 केचा व्हॉल्यूम आणि वर 250 केचा टोन, हंबकरला हे फार होतं. वायर काढली आणि ब्रिज उघडला. ज्या उपायाने पहिला टप्पा यशस्वी झाला, तोच दुसऱ्या टप्प्यात अडचण ठरला होता.

निकाल

कार्यक्रम झाला. ड्राइव्हच्या गाण्यांत गिटार आता बेसवर तरंगते, हरवत नाही. हे बँडच्या बाकी तिघांनी न विचारता सांगितलं. नेक आणि मधला एकत्र वाजताना "घूं" जवळजवळ शून्य, कारण नव्या जोडीतल्या मधल्या पिकअपचे वेढे आणि चुंबक दोन्ही उलटे आहेत: तारेचा आवाज जुळतो, घरघर एकमेकींना मारते. जुन्या तिन्हींत तशी सोय नव्हती. ब्रिजचा हंबकर एकटा तर शांतच. 1955 साली गिब्सनमध्ये सेथ लव्हर यांनी ज्या कामासाठी दोन कॉइल जोडल्या, ते काम इतक्या अरुंद डबीतही होतं. मधला एकटा वाजवला की मात्र घरघर पूर्वीइतकीच.

आता रेकॉर्डिंगचं. मूळ, पहिल्या टप्प्यानंतरचं आणि शेवटचं, अशी तीन रेकॉर्डिंग मी एकसारख्या मोठेपणाला आणली. हे करावंच लागतं, नाहीतर मोठं वाजतं तेच चांगलं वाटतं, आणि हंबकर मोठा असतोच. मग कुठलं कुठलं ते न सांगता चौघांना ऐकवली. ड्राइव्हवर चौघांनीही शेवटचं निवडलं. स्वच्छ आवाजात तिघांनी पहिल्या टप्प्यानंतरचं निवडलं, म्हणजे जुने पिकअप, नवा पॉट. त्या तिघांत वादकही होता. नाव कळल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही.

पुन्हा करायचं झालं तर

पॉटची पाठ आधी वाचेन. ती वाचायला 11 स्क्रू काढावे लागतात, पण पिकअपची यादी बघत बसण्यापेक्षा ते लवकर होतं.

फेजची तपासणी पिकअप डबीतून काढल्या काढल्या करेन, सोल्डर गरम होण्याआधी. उंचीही मोजून लिहून ठेवेन, जुन्या पिकअपची आणि नव्याचीही. आता वादकाच्या गिटारच्या पेटीत सहा आकड्यांची एक चिठ्ठी आहे.

कार्यक्रमाआधी पाच दिवस गिटार उघडणार नाही. समोरच्याने डबा उघडलेला असला तरी.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट: पहिल्यांदा फक्त ब्रिजचा पिकअप बदलेन. तक्रार तिथलीच होती. नेक आणि मधला बदलल्याने एक शांत जागा मिळाली हे खरं, पण स्वच्छ आवाजातली जी चमक चौघांपैकी तिघांना आवडत होती ती थोडी गेली. जुना नेक पिकअप परत बसवायचा का, यावर वादकाचं मत दर आठवड्याला बदलतं. जुने तिन्ही पिकअप एका डब्यात, कुठला कुठल्या जागेचा ते चिकटपट्टीवर लिहून, त्याच्याकडेच आहेत.

ब्रिज आणि मधला एकत्र वाजताना थोडी घरघर अजून उरते. रेलच्या दोन कॉइल जोडणाऱ्या मधल्या दोन वायर मी कापल्या नाहीत; एकत्र सोल्डर करून, नळी चढवून, स्विचजवळ गुंडाळून ठेवल्या आहेत. त्या जागेवर स्विच आला की एक कॉइल बंद पडेल असं जोडलं तर घरघर जाईल. पण उरणारी कॉइल मधल्या पिकअपच्या उलट चुंबकाची हवी, आणि फेज उलटवताना मी कुठली कुठे नेली हे आता कंपासने बघूनच कळेल. वादक पुढच्या तालमीनंतर गिटार घेऊन येणार आहे. कंपास शोधून ठेवला आहे.